बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलेल्या फोर-बाय-फोर ट्रकची ड्राइव्हलाइन: सर्व्हिसिंग कुठून आणि कसं सुरू करावं

जुना फोर-बाय-फोर ट्रक हातात आला की बहुतेकांचं लक्ष आधी इंजिनाकडे जातं. इंजिन धूर काढतं, ठोके देतं, सुरू व्हायला त्रास देतं, त्यामुळे त्याचं दुखणं लगेच कळतं. ड्राइव्हलाइन म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे भाग. त्यातले गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारा डबा), दोन्ही डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा दात्यांचा संच) आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे सांधे मात्र मुकाट्याने झिजतात. त्यांचा आवाज यायला लागतो तोवर खर्च वाढलेला असतो. अशा गाडीत जास्त नुकसान चाललेल्या किलोमीटरनी होत नाही. ते आत शिरलेल्या पाण्याने आणि गळून कमी झालेल्या तेलाने होतं. म्हणून या कामात एक गोष्ट पाळायची: जुनं तेल काय सांगतंय ते बघितल्याशिवाय नवं ओतायचं नाही.

इथे गृहीत धरलेली गाडी अशी: हाताने टाकायचे गिअर, वेगळ्या लिव्हरने लागणारं फोर-व्हील, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि पुढच्या चाकांवर फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टला जोडता-सोडवता येणारे). वेगळी रचना असेल तिथे थोडा फरक पडेल, पण कामाचा क्रम तोच राहतो. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. बोल्ट किती आवळायचे आणि कुठे कोणतं तेल घालायचं, याचा अंतिम शब्द त्याचाच.

सामान

गिअर तेल अंदाजापेक्षा जास्त लागतं. गिअरबॉक्सला साधारण २ ते ४ लिटर, ट्रान्सफर केसला १ ते २.५ लिटर, प्रत्येक डिफरन्शियलला १.५ ते ३ लिटर. म्हणजे एका भरणीलाच ६ ते १२ लिटर गेलं. पाणी शिरलेलं आढळलं तर एखादा भाग दोनदा भरावा लागतो, तेव्हा ४–५ लिटर जास्तीचं हाताशी असू द्या. शिवाय लिथियम आधाराचं एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचं माप) प्रतीचं ग्रीस, नकलसाठी (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा) मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस, ग्रीस गन, तेल चढवायचा हातपंप, ड्रेन प्लगचे नवे वॉशर, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, टॉर्क पाना, लहान वजनाचा स्प्रिंग काटा आणि भरपूर पांढऱ्या चिंध्या. चिंध्या पांढऱ्याच घ्या. रंगीत फडक्यावर पितळेची चकाकी दिसत नाही.

प्लगसाठी नेमक्या मापाची चावी आधीच मिळवा. जुन्या गाड्यांत प्लगला चौकोनी खाच असते आणि जवळपासच्या मापाने काम भागवायला गेलं की कोपरे गोल होतात. मग एक साधा प्लग अर्धा दिवस खातो.

गाडी उचलण्यापूर्वी

हा भाग घाईत वाचू नका. अनेक जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर बसवलेल्या ड्रमवर असतो. लँड रोव्हर डिफेंडर आणि जुन्या लँड क्रूझरमध्ये ही रचना आहे. हा ब्रेक शाफ्ट धरतो, चाकं धरत नाही. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल आपलं काम करतं: हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घसरते. तसंच, ट्रान्सफर केसचा लिव्हर न्यूट्रलमध्ये असेल तर गिअर टाकून ठेवण्याला काही अर्थ उरत नाही, कारण चाकांशी गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो.

म्हणून सपाट, कठीण जागा निवडा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि वजन अ‍ॅक्सलखाली ठेवलेल्या स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

धुण्याआधी बघा

गाडी घाण आहे म्हणून आधी धुऊन काढण्याचा मोह होतो. तो आवरा. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल मिळून जो थर बसतो, तो गळतीचा नकाशाच असतो. टॉर्च घेऊन खाली जा आणि कुठे कोरडी धूळ आहे, कुठे काळा थर आहे आणि कुठे ओलं आहे ते लिहून घ्या. गळती नेहमी सगळ्यात वरच्या ओल्या जागेपासून सुरू होते. खाली ठिबकणारी जागा फसवते, कारण चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो.

बघायच्या जागा: दोन्ही डिफरन्शियलच्या पिनियनपाशी (शाफ्ट जिथे जोडला जातो तो दातेरी दांडा), ट्रान्सफर केसच्या पुढच्या-मागच्या आउटपुट सीलपाशी (सील म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी), चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेकच्या पाठीवर, पुढच्या नकलच्या गोलाखाली आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं घर) तळाच्या छिद्रापाशी. या शेवटच्या छिद्रातून तेल येत असेल तर बोटाला लावून वास घ्या. गंधकाचा उग्र दर्प आला तर ते गिअरबॉक्सचं इनपुट सील. वास साधा आणि तेल काळं असेल तर इंजिनाचं मागचं सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण कोणतं सील मागवायचं ते आधीच कळतं.

नोंद झाली की धुवा. प्रेशरच्या पाण्याचा झोत सील, ब्रीदर (हवेची छोटी वाट) आणि क्रॉसच्या (शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा तुकडा) टोप्यांवर मारू नका. तिथून पाणी आत जातं.

वरचा प्लग आधी, खालचा नंतर

गाडी १०–१५ किलोमीटर फिरवून आणा. तेल गरम झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन उतरतं. गाडी चालण्याच्या स्थितीत नसेल तर थंडच सोडा, फक्त रात्रभर निथळू द्या.

प्रत्येक भागाचा भरायचा प्लग, म्हणजे फिलर, आधी उघडा. हा क्रम उलटा झाला तर पस्तावण्याची वेळ येते: खालून तेल सोडून बसलात, वरचा प्लग गंजून घट्ट झालाय, आणि आता गाडी रिकाम्या डिफरन्शियलसह जागेवर अडकली. फिलर सुटत नसेल तर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. सकाळी चावी खाचेत हातोडीने ठोकून बसवा, प्लगच्या डोक्यावर दोन-चार सरळ ठोके द्या आणि मगच जोर लावा. ठोक्यांनी आट्यांमधला गंज फुटतो. हाउसिंग लोखंडी असेल तर प्लगभोवती थोडी उष्णताही चालते. अ‍ॅल्युमिनियमच्या केसवर ज्योत नको.

फिलर उघडल्यावर लगेच ड्रेनकडे वळू नका. करंगळी आत घालून तेलाची पातळी बघा आणि लिहून ठेवा. योग्य पातळी म्हणजे फिलरच्या खालच्या काठाला टेकणारं तेल. गिअरबॉक्समधून भसाभस तेल बाहेर आलं आणि ट्रान्सफर केस मात्र कमी निघाला, किंवा याच्या उलट झालं, तर दोघांमधलं सील गेलेलं आहे आणि तेल एका घरातून दुसऱ्यात सरकतंय. बाहेर थेंबभर गळती नसतानाही एक भाग कोरडा पडतो तो असा. फक्त तेल बदलून मोकळं झालेल्याला हे कधीच कळत नाही.

जुनं तेल काय सांगतं

प्रत्येक भागाचं तेल वेगळ्या, स्वच्छ भांड्यात सोडा. एकाच भांड्यात सगळं मिसळलं तर दोष कुठला ते सांगता येणार नाही. थोडं तेल पांढऱ्या चिंधीवर पसरून उन्हात धरा.

काळं पण पारदर्शक तेल म्हणजे नुसतं जुनं. काळजीचं कारण नाही.

करडं किंवा दुधाळ तेल म्हणजे पाणी. डिफरन्शियलमध्ये हे सर्रास आढळतं. ड्रेन प्लग काढल्याबरोबर आधी स्वच्छ पाणीच आलं आणि मागून तेल, तर ते पाणी बराच काळ तळाशी बसून होतं आणि बेअरिंगच्या खालच्या भागात गंजाचे खड्डे पडलेले असू शकतात.

तेलात सोनेरी चकाकी गिअरबॉक्समध्ये दिसली तर ती सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या, पितळी कड्यांची. थोडी चकाकी जुन्या गाडीत चालते. भरपूर दिसली आणि गिअर टाकताना खरखरही होत असेल तर कडी झिजली आहेत.

आता ड्रेन प्लगचं चुंबक बघा. त्यावर काळपट-करडी, बोटात घोळवल्यावर कुठेही न बोचणारी लोण्यागत मऊ पेस्ट असते. तो नेहमीच्या झिजेचा बारीक चुरा असतो आणि एवढ्या वर्षांनी करंगळीच्या पेराएवढा थर निघाला तरी घाबरू नका. पेस्ट पुसून चिंधीवर घासा. बोटाला टोचणारी कपची, सुईसारखा तुकडा किंवा दाताच्या कडेचा चकचकीत टवका सापडला तर नवं तेल ओतून काही होणार नाही, तो भाग उघडावा लागणार. पातळ, खवल्यांसारखे पापुद्रे आले तर बेअरिंगचा पृष्ठभाग सुटतोय. चुंबकाला चिकटलेला प्रत्येक तुकडा वेगळ्या पुडीत, कुठून आला ते लिहून ठेवा. नंतर मेकॅनिकला दाखवायला तोच पुरावा उपयोगी पडतो.

कोणतं तेल भरायचं

डिफरन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचं (जीएल म्हणजे गिअर तेलाचा दर्जा) ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० जाडीचं तेल लागतं. तिथल्या दातांवर घसरत-दाबत लोड येतो आणि तो झेलायला जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं लागतातच. जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र हेच तेल घालू नका, मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलेलं असेल तर जीएल-४ च भरा. जीएल-५ मध्ये ही रसायनं साधारण दुप्पट असतात. काही तेलांत ती पितळेला चावतात. शिवाय जास्त निसरड्या तेलात सिंक्रोची कडी पकड घेत नाहीत आणि गिअर खरखरतात. ‘वरचा दर्जा म्हणजे चांगलं तेल’ हा समज इथे महागात पडतो.

ट्रान्सफर केस दोन जातींचे. दात्यांवर चालणाऱ्यात गिअर तेल, साखळीवर चालणाऱ्यात बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल. यात चूक करू नका. मर्यादित घसरणीचं, म्हणजे एलएसडी डिफरन्शियल असेल तर त्याच्या क्लच प्लेट्ससाठी फ्रिक्शन मॉडिफायर असलेलंच तेल लागतं. साधं घातलं तर वळणावर मागून कुरकुर आणि धक्के येतात.

दुधाळ तेल निघालेल्या भागात थेट महागडं तेल ओतू नका. त्याच जाडीचं स्वस्त तेल भरा, १५–२० किलोमीटर चालवा, गरम असतानाच सोडा. पुन्हा करडं निघालं तर पुन्हा एकदा. रॉकेल किंवा डिझेल भरून फिरवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. अ‍ॅक्सलच्या नळ्यांत ते साचून राहतं आणि नव्या तेलाला पातळ करून बेअरिंगवरचा थर घालवतं.

ड्रेन प्लगचे आटे पुसून, नवा वॉशर घालून आवळा. निमुळत्या आट्यांचे प्लग वॉशरशिवाय बसतात आणि फार आवळले तर हाउसिंग चिरतं. मग पंपाने फिलरमधून तेल वाहेपर्यंत भरा. डिफरन्शियल भरून झाल्यावर दहा मिनिटं थांबा, कारण तेल हळूहळू अ‍ॅक्सलच्या नळ्यांत पसरतं आणि पातळी खाली येते. पुन्हा वाहेपर्यंत भरा, मगच प्लग लावा. थंडीत तेलाचा डबा गरम पाण्यात ठेवला की पंप मारताना दम लागत नाही.

ब्रीदर: चिमुकला भाग, मोठी नासधूस

प्रत्येक डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसवर हवेची एक छोटी वाट असते. बहुतेक दुर्लक्षित गाड्यांत ती चिखलाने बंद झालेली सापडते. आत तेल तापतं, हवा फुगते, बाहेर पडायला जागा मिळत नाही, मग ती सीलमधून तेलासकट वाट काढते. याहून वाईट प्रकार पाण्यात गाडी घातल्यावर होतो: तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी ओढून घेते. दुधाळ तेलाचं मूळ कित्येकदा इथेच असतं.

तेल बदलण्याआधी सगळे ब्रीदर काढून साफ करा, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का ते बघा. जमलं तर तेल सोसणाऱ्या रबरी नळ्यांनी ते इंजिनच्या कप्प्यात वर नेऊन बांधा. नळी अ‍ॅक्सलच्या हालचालीला पुरेशी सैल ठेवा. ब्रीदर तुंबलेला असताना नवं सील बसवलं तर तेही काही आठवड्यांत गळायला लागतं आणि दोष सीलच्या माथी जातो.

शाफ्ट आणि क्रॉस

दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून पुढे-मागे जोर नेणारे) उतरवण्यापूर्वी प्रत्येक फ्लॅन्जवर (बोल्टने जोडायची चकती) आणि सरकत्या सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर रंगाने खुणा करा. शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारी बेचकी) एका रेषेत असायला हवेत. सरकता सांधा एक दाता जरी चुकून बसला तरी गाडी थरथरते आणि लोक टायर बॅलन्स करत बसतात. पुढच्या शाफ्टला काही गाड्यांत दुहेरी सांधा असतो. त्याच्या मधल्या गोळीला ग्रीस द्यायला गनला सुईसारखं टोक लावावं लागतं आणि म्हणूनच तिथे कुणी कधी ग्रीस घातलेलं नसतं.

क्रॉस तपासण्यासाठी सांध्याच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलट दिशेने पिळा. जाणवेल इतकाही खेळ, म्हणजे सैलपणा, नसावा. मग टोप्यांच्या कडा बघा: तिथे विटकरी पूड जमलेली असेल तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत आणि तोच गंज बाहेर येतोय. असा क्रॉस ग्रीस देऊन वाचत नाही, बदलाच. उघडल्यावर त्याच्या दांडीवर सुयांच्या आकाराच्या समांतर खाचा पडलेल्या दिसतील.

चांगल्या क्रॉसला निपल पुसून ग्रीस द्या. चारही टोप्यांच्या सीलमधून नवं ग्रीस दिसेपर्यंत हळूहळू पंप करा. तीन बाजूंनी आलं आणि चौथीकडून नाही, तर शाफ्ट थोडा फिरवून, सांधा हलवत पुन्हा द्या. ती चौथी टोपी कोरडी सोडली तर तिथूनच सांधा जाणार. सरकत्या सांध्याला मात्र ग्रीस मोजून द्या. तिथे गच्च भरलं की शाफ्टला आत सरकायला जागा राहत नाही आणि गाडी खड्ड्यात बसली की तो दाब थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो. जोडताना फ्लॅन्जचे बोल्ट मूळच्याच ताकदीचे वापरा, साधे बोल्ट इथे तुटतात.

पुढचा अ‍ॅक्सल

या कामाचा सगळ्यात किचकट आणि सगळ्यात टाळला जाणारा भाग हाच. एक चाक हवेत घ्या, टायर वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर नकलची किंगपिन (ज्या खिळीवर नकल वळतं ती) बेअरिंग झिजली आहेत.

हब उघडताना क्रम असा: फ्री-व्हीलिंग हबचं झाकण, आतली सर्क्लिप, हबचं शरीर, मग बाहेरचा नट, दुमडलेला वॉशर, आतला नट, आणि मग ड्रम किंवा डिस्कसह हब ओढून घ्या. बाहेरचं बेअरिंग अंगावर पडू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरा. बेअरिंग धुवा, हवेने वाळवताना ते गरगर फिरवू नका, कोरडं फिरलेलं बेअरिंग तिथेच बिघडतं. रोलरवर निळसर छटा म्हणजे ते तापलं होतं, खड्डे म्हणजे पाणी शिरलं होतं. कोणतीही खूण दिसली तर आतला-बाहेरचा भाग जोडीनेच बदला, अर्धा जुना-अर्धा नवा टिकत नाही.

ग्रीस हाताने भरा. तळहातावर गोळा घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबून ओढा, असं करत राहा की ग्रीस रोलरांच्या मधून चढून वरच्या कडेला बाहेर येईल. थोडं सरकवा, पुन्हा तेच. पूर्ण वळसा होईपर्यंत. आतलं सील प्रत्येक वेळी नवं. आवळताना आतला नट आधी जोराने आवळा, हब दोन्ही दिशांनी काही फेरे फिरवा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या हलक्या जोराने पुन्हा आवळा. चाकाच्या एका बोल्टला स्प्रिंग काटा लावून, हब फिरायला लागायला किती ओढ लागते ते मोजता येतं. बाहेरचा नट आवळला की आतलाही थोडा ताणतो, म्हणून शेवटचं माप दोन्ही नट आवळून झाल्यावरच घ्या, आणि वॉशर दुमडायला विसरू नका.

आता नकल. गोलाच्या मागून घट्ट ग्रीसऐवजी काळं, पातळ, तारा न सुटणारं रसायन ओघळत असेल तर अ‍ॅक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतंय. असा अ‍ॅक्सल आतून रिकामा होत असतो, वरून मात्र नकलच गळतेय असं दिसतं. बाहेरचं पुसणारं सील बदलून हे थांबत नाही. नकल उघडा, अ‍ॅक्सल शाफ्ट ओढून काढा, आतलं सील बदला. शाफ्टवर सीलच्या जागी खोल खाच पडली असेल तर नवं सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवता येतं का ते बघा.

वळणावरच्या सांध्याचा, म्हणजे बर्फिल्ड जॉइंटचा गोळीसंच धुऊन तपासा. गोळ्यांच्या खाचांत नख अडकेल असे खड्डे असतील तर पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर टकटक येणारच. जोडताना सांध्यात मॉलिब्डेनम ग्रीस दाबून भरा आणि नकलची पोकळी तीन चतुर्थांशच भरा. गच्च भरली तर गरम झाल्यावर ग्रीस सील ढकलून बाहेर येतं. काही गाड्यांत नकलमध्ये ग्रीसऐवजी गिअर तेल असतं. तिथे वेगळे प्लग दिसतील, त्यात ग्रीस कोंबू नका. किंगपिनखालच्या शिम्स (पातळ चकत्या) वर-खाली आणि डाव्या-उजव्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, त्यांची अदलाबदल झाली तर सांध्याचा ताण बदलतो.

फ्री-व्हीलिंग हबचे भाग धुऊन फक्त हलक्या ग्रीसने पुसून लावा. घट्ट ग्रीस भरलं की थंडीत डायल फिरतं पण आतलं दातेरी कडं सरकत नाही.

पिनियन सील बदलण्याआधी

पिनियनची फ्लॅन्ज धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. या दोन दिशांना खेळ शून्यच हवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, नवं सील तिथे टिकणार नाही. गोल फिरवताना थोडा खेळ असतो, तो दातांचा. खेळ नसेल तरच सील बदला, आणि नट काढण्यापूर्वी नट, पिनियन आणि फ्लॅन्जवर एकाच रेषेत टोकदार खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा. आत, नट आवळताना चिरडली जाणारी नळी असलेल्या डिफरन्शियलमध्ये नट त्या खुणेपलीकडे गेला की बेअरिंगवर ताण वाढतो आणि ते तापून जातं.

क्लच

क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. खरखर झाली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. गिअरबॉक्सला दोष देण्यापूर्वी क्लचचं हायड्रॉलिक तेल तपकिरी झालंय का, स्लेव्ह सिलिंडरच्या (तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा) रबरी बुटात ओल आहे का ते बघा. बहुतेक वेळा डॉट ३ किंवा डॉट ४ तेल बदलून आणि हवा काढून भागतं. न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. दाबल्यावरच येतो, तर रिलीज बेअरिंग.

फोर-व्हील लावण्याआधी रेशो मोजा

जुन्या गाडीत कधी एखादा अ‍ॅक्सल दुसऱ्या गाडीचा बसवलेला असतो. पुढचा-मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे किती फेरे) वेगळा असेल आणि फोर-व्हील लावलं तर ट्रान्सफर केस स्वतःशीच भांडतो. मोजायला सोपं आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये, एकच चाक हवेत, बाकीच्यांना ठोकळे, आणि शाफ्टवरचा हँडब्रेक असेल तर तो सैल. चाकाचे बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साध्या डिफरन्शियलमध्ये चार फेरे आणि वर थोडा, म्हणजे रेशो साधारण ४.१. दुसऱ्या अ‍ॅक्सलवरही तेच करा. मागे एलएसडी असेल तर दुसरं चाक जमिनीवर धरल्यामुळे ही रीत चालत नाही. तिथे मागची दोन्ही चाकं हवेत घेऊन, दोन्ही सोबत एकच फेरा फिरवून मोजा.

लिव्हर वर्षानुवर्षं हललेला नसेल तर दांडी ओढून वाकवू नका. बाहेरच्या लिंकेजचे बिजागर साफ करून स्प्रे मारा, रात्रभर मुरू द्या. फोर-व्हीलची पहिली चाचणी मातीवर किंवा रेतीवर, कधीही कोरड्या पक्क्या रस्त्यावर नको. लिव्हर परत निघत नसेल तर ताण अडकलाय: सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सैल होईल. चारही टायरांचा घेर सारखा आहे ना, हेही मोजून घ्या.

चालवून बघणं

पहिले २० किलोमीटर हळू. थांबून हब, पिनियनची जागा आणि ट्रान्सफर केस हाताने तपासा, आधी हात जवळ नेऊन उष्णता जाणवून घ्या. एक हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापला तर त्याचं बेअरिंग बहुधा जास्त आवळलंय. गुणगुण आवाज डावी-उजवीकडे हलकं वळवल्यावर बदलला तर चाकाचं बेअरिंग. एक्सलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर बदलला तर पिनियन.

५०० किलोमीटरनंतर शाफ्टचे आणि नकलचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा आणि सगळ्या फिलरमधून पातळी बघा. पाणी निघालेल्या भागाचं तेल ८०० ते १,००० किलोमीटरवर पुन्हा बदला, चुंबक पुसा आणि पहिल्या वेळच्या पुडीशी ताडून बघा. हब लॉक न करता गाडी चालत असेल तर महिन्यातून एकदा ते लॉक करून, ट्रान्सफर टू-व्हीलमध्येच ठेवून ५–७ किलोमीटर चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलचं तेल वरच्या बेअरिंगपर्यंत उडतं. काढलेलं तेल झाकण घट्ट असलेल्या डब्यांत भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या, ते गटारात किंवा मातीत ओतू नका.